दुपारचं दव

“बा, हात नको लावू. हे दव नाही. दव उन्हाला भितं, हे भीत नाही.”

ग्रेसी चौथीत असतानाचा तो आवाज तिच्या बापाच्या, सॅम्युअलच्या कानात अजून ओला होता. नवापूरच्या डोंगरात, कातळावरच्या मूठभर मातीत, केसाळ तांबूस पानांवर भरदुपारी थेंब चमकत होते. एक चिलट टेकलं नि चिकटलं. जितकं तडफडलं, तितके पानावरचे केस त्याच्यावर वाकले. मग पानच हळूहळू वळलं.

“आता पान रस सोडेल, बा. चिलटाचं आतलं सगळं विरघळेल, पान ते पिऊन टाकेल. पंख नि टरफल तेवढं उरेल.”

“मातीत याला काय कमी दिलं देवानं?”

“काहीच नाही दिलं. म्हणून तर.”

यंदाच्या पावसात, कॉलेजात जाणाऱ्या ग्रेसीनं तसलंच रोप डब्यात लावून ओट्यावर ठेवलं. तिची आई रंजना हसायची, “बाप भात पिकवतो, लेक चिलटं चारते. कोण सून करून घेईल हिला?”

दिवाळी झाली, सॅम्युअल ऊसतोडीला गुजरातेत गेला. मागे ग्रेसीचं सिकलसेलचं, रक्तातलं जुनं दुखणं उसळलं. तो दवाखान्यात पोचला, तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

तेव्हापासून तो रंजनाला एकच विचारी, “माझी आठवण काढली का तिनं?”

“झोपेतच गेली,” एवढंच ती सांगे.

मग तो रोपाला जपू लागला. हात शेतकऱ्याचा, पान पिवळं दिसलं, त्यानं डब्यात शेणखत घातलं. थेंब आटले. पानं काळी पडली.

“चिलटं खाणाऱ्याला शेण चारलंस,” रंजना म्हणाली.

“उपाशी राहू नये म्हणून घातलं.” तो डब्याकडे बघत राहिला. “तिला काय लागतं, ते मला कधी कळलंच नाही. म्हणूनच तिनं मला बोलावलं नसेल.”

रंजनानं सूप खाली ठेवलं. नाताळ तोंडावर आला होता, दारावर चांदणी नव्हती.

“ग्रेसीच्या बा,” ती म्हणाली. पोर गेल्यापासून ही हाक तिनं मारली नव्हती. “झोपेत नाही गेली ती. रात्रभर जागी होती. बाहेर गाडी वाजली की विचारायची, बा आला का? तू तिकडे उसाच्या फडात, तुला निरोपही पोचला नव्हता. मी सांगत राहिले, आलाच, नवापुरात उतरलाय. खोटं सांगून थांबवलं मी तिला. नि ती थांबली रे. जमेल तेवढं थांबली.”