दर शनिवारी एक

इलिंकाने भावाच्या डिजिटल वॉलेटचा पत्ता चौकटीत चिकटवला आणि बटण दाबलं. कंपनीने नवं एपीआय साधन घेतलं होतं. पत्ता दिला की त्या वॉलेटमधली एनएफटी, म्हणजे मालकीची नोंद असलेली डिजिटल चित्रं कधी आणि कोणाकडे गेली, याचा सगळा इतिहास ते समोर मांडायचं. ते नीट चालतं का, एवढंच तिला पाहायचं होतं, आणि ओळखीचा पत्ता टिबेरियूचाच होता. तिथे काही सापडेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याच्या चित्रांना कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

पडदा भरला.

टेबल गेलं होतं. खुर्ची गेली होती. मग घोंगडी, पाण्याची सुरई, लाकडी चमचे. वडील गेले त्या हिवाळ्यात टिबेरियूने गावच्या घरातल्या वस्तूंची ही चित्रं काढली होती. आता प्रत्येक चित्र वेगळ्याच अनोळखी पत्त्यावर पोचलं होतं आणि किमतीच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. तारखा पाहता पाहता इलिंकाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. सगळे शनिवार होते.

शनिवार मेलेल्यांचा. त्यांच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाने भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण वाटतात; इथे दिलेलं त्याला तिकडे मिळतं. काही जण मागच्यांवर विसंबत नाहीत, हयातीतच आपलं दान आपण उरकून घेतात. वडिलांनी तेच केलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या कोस्मिनने मान लांब करून पाहिलं.

"वॉलेटची किल्ली चोरली कोणीतरी," तो म्हणाला.

"चोर फुकट वाटत बसेल?"

 कोस्मिन कॉफी आणायला गेला.

टिबेरियूने लगेच फोन उचलला. आज सूर्य कुठे उगवला, बहिणीला माझी आठवण कशी झाली, अशी नेहमीची थट्टा केली. चित्रं का वाटतोयस, असं तिने विचारल्यावर तर तो मोठ्याने हसला. वाटायला ती उघडली तर पाहिजेत! किल्ली जुन्या फोनमध्ये होती, आणि फोन केव्हाच बेगा कालव्याच्या तळाशी गेला होता. किल्ली परत मिळवायचे शब्द त्याने दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेच नव्हते.

"मग वाटतंय कोण?" इलिंकाने विचारलं.

पलीकडे ट्राम गेल्याचा आवाज आला. 

"ताई, येतेस का दोन दिवस?"

शुक्रवारी ती गाडीने त्याच्याकडे तिमिश्वाराला गेली. दार उघडणारा टिबेरियू तिला नेहमीसारखाच दिसला, फक्त त्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं. तिने बरोबर आणलेला चोर्बा, त्यांच्याकडचं आंबट सूप, गरम केला, वर साय घातली. त्याने तोंड भरून कौतुक केलं आणि अर्ध्यावर वाटी सरकवली. पोटाची काहीतरी तक्रार आहे, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, असं म्हणाला.

मग त्याने तिचा लॅपटॉप ओढून घेतला आणि एकेका ओळीखालून बोट फिरवत गेला.

"क्रम तोच आहे," तो म्हणाला.

"कसला?"

"बाबांनी वाटलं त्याचा. आधी टेबल, मग खुर्ची. तू तेव्हा क्रायोवाला होतीस. शनिवारी त्यांच्याबरोबर दारोदार मी जायचो, मेणबत्ती धरून."

इलिंकाने आठवून पाहिलं. तिला क्रम माहीत नव्हता. तो कुठे लिहिलेलाही नव्हता.

"आता काय उरलंय?" तिने विचारलं.

त्याला पडद्याकडे पाहावं लागलं नाही.

"उशी."

वडिलांनी उशी सगळ्यांत शेवटी दिली होती, कुंपणापलीकडच्या विधवेला. त्यापुढचा शनिवार त्यांनी पाहिला नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

टिबेरियूने लॅपटॉप मिटला, भांडी विसळली, सोफ्यावर तिच्यासाठी चादर अंथरली. एका माणसाचं घर; सगळं एकेकच होतं. आपल्या पलंगावरून त्याने उशी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"घे, ताई. प्रवासाने दमली असशील."

इलिंकाने हात मांडीवरून हलवले नाहीत.

"मला उशी लागत नाही रे," ती म्हणाली.

लहानपणापासून ती दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नसे. तेव्हा त्यासाठी तिने त्याचीही उशी कितीदा पळवली होती. टिबेरियू तिच्याकडे पाहत राहिला. उशी त्याने तशीच पुढे धरली होती.