काकूंचा घसा बसलाय

तारामतीकाकूंचा घसा गेले चौदा महिने बसलेला होता, आणि 'हैदराबादचे मामाप्रेमी' या व्हॉट्सॲप गटातल्या एक्केचाळीस माणसांपैकी एकालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं. कुणी आल्याचा काढा सुचवला, कुणी ज्येष्ठमध. दिलसुखनगरच्या युवराजने तर घशाच्या डॉक्टरचा नंबर पाठवला. त्या सगळ्यांना हणमंतरावांनी बायकोच्या फोनवरून एकच उत्तर लिहिलं, 'बरं, करून बघते.'

पहिल्या वेळी 'बघते' लिहिताना त्यांचं बोट अडखळलं होतं. आता अडखळत नव्हतं.

तारामतीला जाऊनच चौदा महिने झाले होते. काचीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे बिनसाखरेमामा, हे तिने ठरवून टाकलं होतं. मामा म्हणजे फोनवर दर आठवड्याला दहा मिनिटं दिसणारं एक लोभस पात्र. डॉक्टरांनी साखर बंद केलेला हा म्हातारा कुणाच्याही घरी जाऊन बसायचा, चहाला नाही म्हणायचा, मग हळूच कप पुढे करून म्हणायचा, "अर्धाच चमचा हं." एवढं बोलून तो आपल्याकडे बघत गप्प राहायचा. त्या गप्प राहण्यात तारामती स्वयंपाकघरातून ओरडायची, "घ्या की दोन, कोण बघायलंय!" दर शुक्रवारी, न चुकता. मामाला दोन चमचे देणारी ही बाई घरच्या नवऱ्याला, त्याची शुगर वाढल्यापासून, एक दाणा देत नव्हती.

भाग संपला की ती गटावर निकाल द्यायची, तोही भाकऱ्यांत. 'आज तीन भाकऱ्या.' 'आज दीड, तीही करपलेली.' पाच भाकऱ्या तिने कधी दिल्या नाहीत. पाच दिल्या की माणूस आळशी होतो, असं तिचं म्हणणं होतं. गटातली मंडळी एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, पण तिच्या निकालाशिवाय त्यांचा शुक्रवार संपत नसे.

ती गेल्यानंतर पाचव्या दिवशी शुक्रवार आला. घरात आलेगेलेले, मुलगा ओमकार पुण्याहून आलेला, आणि तिचा फोन कपाटावर वाजला. कुणीतरी विचारलं होतं, 'काकू, आज किती भाकऱ्या?' हणमंतरावांना लिहायचं होतं की ती गेली.  पण त्यांनी लिहिलं, 'तीन.' लगेच कुणी हसण्याचं चित्र पाठवलं, कुणी हात जोडले, आणि त्या घरात तेवढीच एक जागा उरली जिथे तारामती अजून बोलत होती. ती जागा बंद करायला त्यांचा हात धजला नाही.

आता यात फसवणूक किती आणि प्रेम किती, हे ज्याने त्याने ठरवावं. हणमंतरावांनी ते ठरवायचं टाळलं होतं, आणि पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस टाळण्यात कच्चा नसतो. अडचण एवढीच की गटातली तरुण मुलं मराठी वाचताना ठेचकाळायची. 'काकू, आवाजात पाठवा ना, वाचायला लै टाइम लागतो,' असं युवराज म्हणायचा. म्हणून घसा.

तशात बिनसाखरेमामा हैदराबादला आला, प्रत्यक्ष, रंगमंचावर. रविवारी दुपारी चारचा खेळ. गटात नुसता गोंधळ माजला. सातव्या रांगेतल्या लागोपाठच्या जागा घ्यायच्या, असं कोंडापूरच्या प्राजक्ताने ठरवलं. ती मूळची पुण्याची, आयटीतली, आणि पुण्याची असल्यामुळे ठरवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. 'काकूंची सीट मधोमध,' तिने लिहिलं.

'गुडघ्यामुळे जमणार नाही,' हणमंतरावांनी उत्तर दिलं. घसा, गुडघा, बिचारीच्या एकेका अवयवाचा त्यांनी बळी द्यायला घेतला होता. 'तुम्ही बघून या. मीही कसं तरी बघीन आणि निकाल देईन.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठव्या रांगेतलं एक तिकीट घेतलं. चौदा महिने ज्यांच्याशी रोज बोलणं होतं त्या माणसांना निदान मागून तरी बघावं, एवढाच हेतू होता. आणि खेळ न बघता भाकऱ्या द्यायची चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती. दोन महिन्यांपूर्वी वर्षश्राद्धाच्या दिवशी ती एकदा झाली होती. त्या शुक्रवारी त्यांनी भाग उघडलाही नव्हता. नैवेद्याचं ताट वाढून झाल्यावर गटाची आठवण आली आणि त्यांनी हाताला येईल ते लिहून टाकलं. पाच.

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी तासभर जाऊन बसले. खिशात दोन फोन होते, आपला बटणांचा आणि तिचा. हळूहळू पुढची रांग भरली आणि बरोबर समोर बसलेल्या तिघांना त्यांनी डोळे मिटूनही ओळखलं असतं, कारण गटावर ऐकून आवाज पाठ होते. घाईघाईने बोलणारा तो युवराज, कोचिंग क्लासात गणित शिकवणारा. शब्द तोलून बोलणारी ती प्राजक्ता. आणि तो जरा घोगरा, थकलेला आवाज म्हणजे अंबरपेठच्या शैलाताई, ज्यांचं लोणची-मसाल्यांचं दुकान होतं.

शैलाताईंना बघून त्यांना खाली बघावंसं वाटलं. मागच्या पावसाळ्यात त्यांची मुलगी शिल्पा सासरहून एक पिशवी घेऊन परत आली होती, आणि शैलाताईंनी गटावर नाही, काकूंना एकटीला लिहिलं होतं, 'काय करू?' हणमंतराव दोन दिवस उत्तर शोधत होते. तारामतीने काय सांगितलं असतं हे त्यांना आठवून आठवून सापडेना. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'तिला काही विचारू नका. जेवायला वाढा.' तेव्हापासून शैलाताई दर गुरुवारी काकूंना मनातलं लिहायच्या.

पडदा वर गेला. मामा आला, तोच कोट, तीच कानटोपी, आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. पण पहिल्या पाच मिनिटांतच हणमंतरावांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. फोनमध्ये कानाशी कुजबुजणारा मामा इथे माईकवर ओरडत होता. हैदराबादकरांना खूश करायला त्याने 'हौ' आणि 'नक्को' यांचा नुसता पाऊस पाडला, बिर्याणीत साखर घालून मागितली, आणि वर नाच केला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मग त्याने कप पुढे केला. हणमंतराव सरसावून बसले.

"अर्धाच..." मामा म्हणाला, आणि पाचशे माणसांनी एका सुरात ओरडून त्याचं वाक्य पुरं केलं. त्या आरडाओरडीत तो पुढच्या विनोदावर निघूनही गेला. ती शांतता आलीच नाही. आपल्या बायकोची जागा या खेळात कुणी ठेवलेली नाही, हे कळून म्हाताऱ्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

मध्यंतरात पुढच्या रांगेत भांडण जुंपलं.

"पाच भाकऱ्या, आंख बंद करून," युवराज म्हणाला. "काय हसलो यारो, पोट दुखायलंय."

"एक," शैलाताई म्हणाल्या. "तीही कच्ची. हा आपला मामा नाही. आपला मामा कुणाच्या तरी घरी आलेला असतो. हा बाजारात आलाय."

"फोनवरच्यासारखं स्टेजवर नाही करता येत हो," प्राजक्ता म्हणाली. "लांबच्याला दिसायला नको का? मला मात्र तो दमलेला वाटला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून जीव काढतोय बिचारा. थांबा, काकूंनाच फोन लावते. घसा बसू दे, नुसतं हं-हं म्हणतील."

हणमंतरावांच्या खिशात मामाच्या गाण्याची धून वाजायला लागली. आजूबाजूच्या सात-आठ जणांनी आपापले खिसे चाचपले, कारण अर्ध्या सभागृहाच्या फोनवर तीच धून होती. त्यांनी खिशावरूनच फोन दाबून धरला. प्राजक्ताने मागे वळून बघितलं, त्यांच्याकडे, त्यांच्या खिशाकडे, आणि पुन्हा पुढे वळली. फोन तिने बंद केला.

दुसऱ्या अंकात माईक बंद पडला. दोन माणसं वायरी घेऊन धावली, खोकल्यासारखे आवाज आले आणि तेही थांबले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नट थोडा वेळ मधोमध उभा राहिला. मग त्याने कपबशी उचलली, रंगमंचाच्या अगदी कडेला येऊन पायरीवर बसला, आणि फोनमध्ये बोलायचा तसा, घरात बोलावं तसा बोलायला लागला. त्याची बहीण गावाला गेली होती. शेजारी कुलूप होतं. आज चहा विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मामा स्वतःच स्वतःच्या घरी पाहुणा आला होता. ऐकू यावं म्हणून सगळे श्वास रोखून बसले.

त्याने कप पुढे केला. "अर्धाच चमचा हं," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

"घ्या की दोन," हणमंतराव मोठ्याने म्हणाले, "कोण बघायलंय!"

ते आपण बोललो हे त्यांना आधी कळलंच नाही. सभागृह खदखदून हसलं. नटाने कपाळावर हात आडवा धरून अंधारात शोधलं आणि म्हणाला, "आई शप्पथ, घेतो." पुन्हा हशा झाला, टाळ्या झाल्या. हणमंतरावही हसले, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. फक्त समोर बसलेले ते तिघे हसले नाहीत. ते वाक्य एकाच बाईचं होतं, घसा बसायच्या आधी तिने ते कितीदा तरी गटावर आवाजात पाठवलं होतं. तिघेही मागे वळून त्यांच्याकडे बघत होते.

खेळ संपल्यावर ते बाहेरच्या झाडाखाली थांबले. निसटून जाता आलं असतं, पण त्यांना निसटायचा कंटाळा आला होता.

"काका," प्राजक्ता म्हणाली, "काकू?"

"तारामती गेली," ते म्हणाले. "मागच्या वर्षी. मीच लिहायलो होतो."

युवराजने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि खाली बघितलं. प्राजक्ताने मान हलवली. "त्या दिवशी पाच भाकऱ्या आल्या ना, तेव्हाच मला शंका आली होती. काकू पाच देणाऱ्या नव्हत्या. पण म्हटलं, विचारायचं कसं?"

शैलाताई मात्र पुढे आल्या. "मी तिला माझ्या पोरीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला सांगितलं नाही ते सांगितलं. बाईमाणूस म्हणून. आणि वाचत होतात तुम्ही?"

"हौ," हणमंतराव म्हणाले. "चुकलं माझं."  शैलाताईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि त्या रिक्षाकडे निघून गेल्या.

"गटावर मी सांगू का?" प्राजक्ताने विचारलं. "आणि तुमचा नंबर द्या, तुम्हाला घेते."

"मीच सांगतो, पोरी," ते म्हणाले. नंबराचं त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि खुर्चीत बसून फोन उघडला. गटावर खेळावरून जुंपलेलीच होती, कुणी मामाला डोक्यावर घेत होतं, कुणी आता फोनवरचा मामाही बघवणार नाही म्हणत होतं. दोघांनी विचारलं होतं, 'काकू, निकाल?' त्यांनी बोलायचं बटण दाबून धरलं. तारामतीच्या नंबरावरून चौदा महिन्यांनी आवाज गेला.

"मी हणमंतराव बोलायलो. तारामतीचा नवरा. ती गेली, मागच्या वर्षी. तेव्हापासून मी लिहायलो होतो, तिला घसा-बिसा काही नव्हता. तुम्हाला फसवलं, राग धरा. खेळाला साडेतीन भाकऱ्या. त्यातल्या तीन माईक बंद पडल्यानंतरच्या. ह्या माझ्या आहेत, तिच्या नव्हेत."

 मग फोन वाजला, पण तो गटाचा नव्हता. शैलाताईंनी वेगळं लिहिलं होतं. 'शिल्पा आली तेव्हा काही विचारू नका, जेवायला वाढा असं उत्तर आलं होतं. ते काकूंचं होतं का? त्या तसं म्हणायच्या का?'

होय म्हणणं सोपं होतं. त्या बाईला बरं वाटलं असतं, तारामती अजून थोडी उरली असती. त्यांनी 'हो, तिचंच' असं लिहिलं. मग ते पुसलं आणि लिहिलं, 'नाही. माझं होतं.'

दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर येईल म्हणून त्यांनी फोन मांडीवर ठेवला. वाट बघून मग तो ओट्यावर नेऊन ठेवला आणि चहाचं आधण चढवलं.  चहा गाळून त्यांनी साखरेचा डबा काढला, तिने वरच्या फळीवर, त्यांचा हात पोचू नये म्हणून ठेवलेला. त्यासाठी त्यांना स्टुलावर चढावं लागलं.

"अर्धाच चमचा हं," ते म्हणाले, आणि मामा जेवढा वेळ थांबायचा तेवढा वेळ थांबले.

मग त्यांनी दोन चमचे घातले. कोणी बघत नव्हतं.