साहेबाची बोली

“हे इंग्रजी नव्हे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “कांता, तुला काही कळतंय?”

कांताने नकारार्थी मान हलवली. शिवडीच्या रंगाच्या कारखान्यातला केमिस्ट विल्मॉट साहेब इस्पितळाच्या स्पेशल खोलीत तापाने बडबडत होता. ॲसिडची टाकी फुटून छातीपर्यंत भाजला होता. माणूस अस्सल इंग्रज. पण शुद्ध हरपल्यापासून इंग्रजीचा एक शब्द तोंडी नव्हता.

कारखान्यातून फोनवर कळलं, की साहेबाची आई हॉलंडची. मग धावपळ सुरू झाली. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, रस्त्यांवर गोळीबार. तरी एक गाडी बंदरात गेली आणि डच बोटीवरचा म्हातारा आचारी घेऊन आली. त्याने साहेबाच्या तोंडाशी कान नेला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “आईला बोलावतोय. गार लागतंय, खिडकी लाव म्हणतो.”

कांताने लगबगीने खिडकी लावली. आचारी डचमध्ये काहीबाही पुटपुटत राहिला. साहेब निवला. कांतालाही बरं वाटलं.

तेवढ्यात मालन आया दारात आली. “कांता, खाली चल. तुझा रामदास आणलाय. लालबागला गोळी लागली, मांडीत. रक्त थांबत नाय गं!”

रामदास तिचा धाकटा भाऊ, गिरणीत बदली कामगार. सकाळी मोर्च्याला गेला होता.

ती निघाली तशा मेट्रनबाई आडव्या आल्या. “दुसरी सिस्टर येईपर्यंत थांब. साहेबांना टाकून कशी जातेस?”

“माझा भाऊ आहे, बाई.”

“खाली डॉक्टर आहेत ना!”

कांता थांबली. मेट्रनबाईंचा शब्द मोडायची तिला सवयच नव्हती.

बऱ्याच वेळाने दुसरी सिस्टर आली, तशी ती जिने उतरत धावली. वॉर्ड जखमींनी भरला होता. रामदास व्हरांड्यात, जमिनीवर. हात अजून ऊन होता. नुसता ऊन; नाडी नव्हती.

“काही बोलला का हो?” तिने शेजारी पडलेल्या कामगाराला विचारलं.

“कवाधरनं पाय बांधा, पाय बांधा म्हनत व्हता. चांगलं मोठ्यानं. मंग नुसतं ताई, ताई.”

मालन मागून आली. खालच्या आवाजात म्हणाली, “साहेब परत बडबडतोय. मेट्रनबाई बोलावतायत.”

“त्याचं बोलणं कळलंय ना सगळ्यांना?” कांता म्हणाली. “मग बसा म्हणावं त्याच्यापाशी.”

चाळीतून आई यायच्या आत रामदासचं तोंड मिटायला हवं होतं. तिने हनुवटीखालून पट्टी घेतली आणि डोक्यावर घट्ट गाठ मारली.