रस्त्याखालून गेलेली पिवळी गाडी

मित्रांनो, महांतप्पांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक डोळा फुटलेली पिवळी गाडी दिसते ना, ती मीच. खेळणं देवाजवळ कसं, असं पाहुणे विचारतात. म्हणून म्हटलं, एकदा सांगूनच टाकावं.

महांतप्पांचे धाकटे भाऊ वीरप्पा आखातात नोकरीला होते. त्यांनी मला तिकडून सुट्या भागांत आणलं आणि नळदुर्गजवळच्या आपल्या गावात ओट्यावर बसून जोडलं. त्यांनी हातातल्या पेटीची कांडी हलवली, की मी बिनतारी हुकमावर धावायचे. माझ्या पोटात दोन दातेरी चाकं आहेत. मोटरच्या दांडीवरचं लहान चाक आसावरच्या मोठ्या चाकाला फिरवतं. लहान चाकं डब्यात दोन आली होती, एक जास्त दातांचं आणि एक कमी दातांचं. वीरप्पांना वेगाची भारी हौस, त्यांनी जास्त दातांचं बसवलं. बाजारच्या दिवशी मी कुत्र्यांना मागं टाकायचे. लोक वाहवा करायचे आणि मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू!

पण शहाऐंशी सालच्या दुष्काळात खेळ कुणाला सुचतोय? कमी दातांचं चाक डब्यात आणि मी माळ्यावर, अशी आम्ही दोघं धूळ खात पडलो.

आमच्या गावच्या पाणी सोसायटीची विहीर हायवेच्या पलीकडं आणि टाकी अलीकडं. पंपाची वायर रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपातून जायची. उंदरांनी ती कुरतडली. चेअरमन आबारावांनी घाईघाईत जुनी वायर ओढून काढली, पण तिच्या मागच्या टोकाला दोरी बांधायचं विसरले. आता नवी वायर आत न्यायची कशी? हायवे खणायला परवानगी मिळेना, बांबू मधेच अडकत होते. विहिरीत पाणी असून टाकी कोरडी पडली, टँकरचा भरवसा नव्हता. गोठ्यात गुरं हंबरत होती आणि आबाराव कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

तेव्हा वीरप्पांना माझी आठवण झाली. माझ्या मागं सुतळी बांधली आणि मला पाइपात सोडलं. वीरप्पा पेटी घेऊन पलीकडच्या तोंडाशी बसले. मी जोरात निघाले, पण पुढं गाळ होता आणि मागं सुतळीचा ओढा. मी थांबले. मोटर गुरगुरू लागली आणि जळका वास सुटला. मित्रांनो, तिथंच मरते की काय, असं मला वाटलं.

अलीकडं ट्रक ड्रायव्हर महांतप्पा ओरडले, "सोड, कांडी सोड! जळंल ती!" त्यांनी सुतळीनं मला मागं ओढलं, पोटावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

वीरप्पा धावत आले. "दादा, गाडीत दमच न्हाय."

"दम लई हाय. भरल्या ट्रकला घाटात टॉप गिअर टाकल्यावर काय हुईल? तू तेच केलंयस. पहिला टाक की!"

वीरप्पा ओशाळून हसले. मोटर निवल्यावर त्यांनी कमी दातांचं चाक बसवलं. दोन चाकांच्या दातांत एसटीच्या तिकिटाचा कागद धरून मोटर आवळली आणि मग कागद काढून घेतला. त्यानं दात एकमेकांवर घासतही नाहीत आणि सुटतही नाहीत.

आता माझी चाल म्हशीची झाली. पण अंगात केवढं बळ आलं! मोटर पूर्वीइतकीच फिरायची, चाकं मात्र सावकाश आणि नेटानं वळायची. गाळ आला, मी चढले. सुतळी जड झाली, मी ओढत राहिले. एका दगडावर आपटून डोळा फुटला, तरी थांबले नाही. अखेर उजेड दिसला.

तोंडाशी घागर घेऊन बसलेल्या धुरपताबाईंनी मला चिखलासकट उराशी धरलं. "आलं बाई, लेकरू बाहिर आलं!"

सुतळीनं दोरी ओढली आणि दोरीनं वायर. पंप सुरू झाला, टाकीत धार पडली. आबाराव तिथंच मटकन खाली बसले आणि डोळे पुसू लागले. वीरप्पांनी माझ्या मोटरला हात लावून पाहिला. ती कोमट होती. त्यांचा हात तिथंच टेकून राहिला, तेव्हा मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

पुढं दरवर्षी दसऱ्याला महांतप्पा ट्रकला हार घालत आणि उरलेल्या झेंडूचा एक छोटा हार मला. जास्त दातांचं चाक पुन्हा कुणी बसवलं नाही.

बाळांनो, तुमची गाडी अडली तर तिला नावं ठेवू नका आणि कांडी दाबून धरू नका. आधी तिच्या पोटावर हात ठेवून बघा. बिचारीला तुम्हीच घाटात टॉप गिअर टाकलेला असतो.