वीतभर आखूड पलंग

ही जाऊन पाच महिने झाले तेव्हा हॉस्पिटलच्या व्यवस्थापक बाईंनी मला विचारलं, "खोल्या कशा हव्यात? तुमच्या मिसेसना कशा आवडल्या असत्या?"

हॉस्पिटलशेजारी मी एक इमारत बांधून दिली आहे. पेशंट आत, आणि बाहेरगावचे नातेवाईक बाकड्यावर पाय दुमडून झोपलेले, असं तिच्या शेवटच्या आजारात आम्ही दोघांनी रोज पाहिलं. तीच म्हणाली होती, यांच्यासाठी काहीतरी कर. तिच्या नावाने चाळीस खोल्या बांधल्या. पण आवडीचं विचारलं तेव्हा मी गडबडलो आणि म्हणालो, "आमच्या सॅम्पल फ्लॅटसारख्या करा. तो तिनेच सजवला होता."

या देशात आलो तेव्हा मी भिंतींना गिलावा करायचो. पुढे स्वतःच घरं बांधून विकायला लागलो. प्रत्येक इमारतीत एक फ्लॅट गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवतात, तो सॅम्पल फ्लॅट. तीस वर्षं ते खातं तिचं. पडदे, रंग, भांडी, सगळं. मी त्यात कधी नाक खुपसलं नाही.

सोमवारी लोक राहायला येणार होते. शुक्रवारी मुलीला खोल्या दाखवायला नेलं. भिंती पिवळ्या, पडदे पांढरे, हुबेहूब. मला भरून आलं. मुलगी पलंगावर आडवी झाली आणि तिची पावलं बाहेर लोंबायला लागली.

"बाबा, हे काय? लहान मुलांचं हॉस्पिटल आहे का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सॅम्पल फ्लॅटमधलं सामान मुद्दाम लहान करतात. पलंग आखूड, टेबल अरुंद, म्हणजे खोली मोठी दिसते. धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी स्वतः तीस वर्षं गिऱ्हाइकांना त्या पलंगावर बसू दिलं, झोपू दिलं नाही. आणि मीच विसरलो.

सुताराला फोन केला. तो आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

"अरे, चाळीसच्या चाळीस पलंग आखूड!"

"हो दादा. तुम्ही म्हणालात, सॅम्पलसारखे करा."

"मग तुला विचारायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, वहिनींची आठवण म्हणून हवेत. अशा वेळी माणसाला काय उलटं विचारायचं?"

मी फोन ठेवला.

मुलगी तोवर भिंतीकडे बघत होती. "आणि बाबा, हा पिवळा आईला मुळीच आवडायचा नाही हं."

"तिनेच निवडलेला आहे."

"गिऱ्हाइकासाठी. मला म्हणाली होती, हा रंग बघितला की डोकं उठतं, पण फ्लॅट पटकन जातो."

"मग कुठला आवडायचा?"

"निळा असेल. नाही, थांबा. घरी कुठला होता?"

घरी कुठला होता! घरी साइटवरून उरलेले डबे यायचे. स्वयंपाकघर एका इमारतीच्या जिन्याच्या रंगाचं, झोपायची खोली दुसरीच्या बाल्कनीची. ती हसून म्हणायची, बिल्डरची बायको आहे, उरलंसुरलंच मिळणार. मीही हसायचो. आता त्या हसण्याचा अर्थ लावत बसलो होतो. चेष्टा होती की टोमणा? विचारायला माणूसच राहिलं नाही.

शनिवारी तिचं कपाट उघडलं. सगळ्या रंगांचे कपडे, निम्मे सेलमधले. हिरवे जरा जास्त दिसले, पण त्यातले तीन मुलीने दिलेले आणि एक मी. सुताराला विचारलं तर तो छातीठोकपणे म्हणाला, "वहिनींना पिवळाच आवडायचा. माझ्या वर्कशॉपचा दरवाजा त्यांनीच पिवळा करायला लावला."

"स्वतःहून?"

"डबा उरला होता ना."

चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलो. तिचं रक्त कुठल्या गटाचं, कुठल्या औषधाने तिला मळमळायचं, सगळं पाठ आहे. रंग माहीत नाही. मग आणखी काय काय माहीत नाही, असं मनात आलं.

पलंगांचं काम त्यातल्या त्यात सोपं. सुतार म्हणाला, पायाकडून वीतभर जोड देतो, पण दादा, सांधा दिसेल. म्हटलं दिसू दे, माणसाचे पाय आत राहू देत. त्याने चार माणसं लावून रविवार संपायच्या आत काम उरकलं. रंगाऱ्याला मात्र मी काय सांगणार? त्याने पांढरा, निळा, हिरवा असे डबे आणून ठेवले. मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हटलं, थांब जरा, कळवतो.

सोमवारी सकाळी पहिला माणूस आला. साठीचा असेल. बायकोचं ऑपरेशन चालू होतं. पिशवी मांडीवर घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला. चावी द्यायला मीच गेलो होतो. दारात रंगारी ब्रश घेऊन उभा. "साहेब, आता तरी सांगा."

मी त्या माणसाला विचारलं, "तुमच्या मिसेसना कुठला रंग आवडतो?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पेशंट आहे. मग भिंतीकडे पाहिलं. "रंग? तिला... कपडे घालते सगळ्याच रंगांचे. थांबा, आमच्या सोफ्याचा... नाही, तो मी आणला." तो ओशाळला. "असं कधी विचारलं नाही हो."

"मग विचारा."

"आत्ता?"

"शुद्धीवर आल्या की. आधी बरं वाटतंय का ते विचारा, मग हे विचारा. पण विसरू नका."

"आणि ती म्हणाली, हे काय खूळ, तर?"

"तर माझं नाव सांगा."

त्याला हसू आलं. पिशवी पलंगावर ठेवून तो हॉस्पिटलकडे निघाला. रंगाऱ्याला म्हटलं, डबे खाली ने, या खोलीचं उद्या कळेल.

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

"त्यांचंही तसंच. जो येईल तो विचारून येईल."

"सगळे वेगवेगळे रंग सांगतील साहेब. इमारत कशी दिसेल?"

"मला तरी कुठे माहीत आहे," मी म्हटलं.