सासरच्या आडनावाची वेबसाइट

लग्नाच्या वाढदिवसाला नवरोबांनी बायकोला वेबसाइट भेट दिली. साधीसुधी नाही हां, स्वतःच्या डोमेनची! बायकोचं नाव, त्यापुढे त्यांचं आडनाव आणि मग डॉट कॉम. "फुकटातल्या साइटच्या नावाला मागे भलतंच शेपूट लागतं," जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ते सांगत होते. "हे बघ, कसं सुटसुटीत! आपल्या घराला शोभेल असं." नवरोबा पेशाने सल्लागार. कुणाला कसला सल्ला देतात ते बायकोला आजवर कळलं नव्हतं, पण घरात तो न मागता मिळायचा, एवढं मात्र खरं.

साइट ऑफिसातल्या कुणाकडून तरी करून घेतली होती. उघडल्या उघडल्या दोघांचा फोटो. नवरोबा पुढे, ती त्यांच्या खांद्याआड. खाली लिहिलं होतं, 'गृहिणी आणि हौशी चित्रकार. फावल्या वेळात पक्षी काढण्याचा छंद.'

हौशी! फावला वेळ! ज्या बाईने ढीगभर पुस्तकांसाठी पक्षी काढले, पिसांची एक रांग चुकू नये म्हणून संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या घुबडासमोर दिवसच्या दिवस बसून काढले, तिला म्हणे छंद! आणि त्या प्रत्येक पुस्तकावर नाव होतं माहेरचं. कागदोपत्री आडनाव बदललं तेव्हा ती काही बोलली नव्हती, पण चित्राच्या कोपऱ्यातली सही तिने कुणाला बदलू दिली नाही. हे नवरोबांना ठाऊक असायला हरकत नव्हती. पण पुस्तक कधी उघडलं असेल तर ना!

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पुढे अगदी छान दिसताय," ती म्हणाली. नवरोबा खूश. फोटो बदलायचे झाले तर लागेल म्हणून त्यांनी पासवर्डही देऊन टाकला.

त्याच सुमारास एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादकबाईंचा ईमेल आला. पाणथळीतल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ निघणार होता, पानापानावर रंगीत चित्रं. असल्या कामाची ती किती वर्षं वाट बघत होती! तिने लगेच उत्तर लिहिलं, "चित्रं लवकरच पाठवते." खाली नेहमीसारखं नुसतं नाव, आडनाव नाही. पण नवरोबांनी तिला न विचारता तिच्या ईमेलच्या तळाशी नव्या साइटचा पत्ता चिकटवून ठेवला होता. संपादकबाईंनी तो उघडला आणि कळवलं, "माफ करा. आम्ही शोधतोय त्या चित्रकार दुसऱ्या. नावात गोंधळ झाला. तुमच्या छंदाला शुभेच्छा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो ईमेल नवरोबांच्या नाकासमोर धरला.

"मग कळव ना, लग्न झालंय म्हणून," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? आपलं आडनाव काय वाईट आहे?"

बस्स! त्या माणसाशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. तिने स्वतःच डोमेन शोधलं: तिचं नाव, माहेरचं आडनाव, डॉट कॉम. कुणी घेतलेलं नव्हतं. नाव एकीकडून विकत घ्यायचं, पानं दुसरीकडे ठेवायची आणि दोघांची गाठ घालून द्यायची, एवढा सगळा खटाटोप तिने वाचून वाचून, चुकत चुकत केला. फोटो नाही की छंद नाही. नुसते पक्षी, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि वर ठळक नाव. मग संपादकबाईंना तो पत्ता पाठवला.

"अहो, त्या तुम्हीच!" लगेच उत्तर आलं. "नमुन्याचं एक चित्र पाठवा, बाकी नंतर बोलू. पण ती दुसरी साइट बंद करा हो, आणखी कुणीतरी फसेल."

बंद केली असती तर नवरोबा महिनाभर तोंड फुगवून बसले असते. पण पत्ता तसाच ठेवून, आलेल्या माणसाला परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय असते. तिने तेवढं केलं आणि पाणकावळ्याच्या मानेला रंग द्यायला बसली.

पुढच्या रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला आले. नवरोबांना मिरवायची हुक्की आली. लॅपटॉप टीव्हीला जोडला, पत्ता टाकला. पडदा लुकलुकला आणि भला थोरला बगळा समोर उभा राहिला. वर नाव.

"अगं वहिनी, हे तर तुझं माहेरचं!" नणंद ओरडली.

नवरोबांनी पुन्हा टाकलं, एकेक अक्षर बघून. पुन्हा बगळा. "मी आपलंच आडनाव टाकतोय!" ते चिडून म्हणाले. "जातंय कुठे हे?"

"माहेरी," ती म्हणाली.

नणंदेने हसू दाबलं. नवरोबांनी वरखाली शोधलं, सगळी पानं उघडून पाहिली. "अगं, पण माझं नाव कुठेच नाही!" त्यांचा आवाज खरंच पडला होता. इतका की तिला क्षणभर त्यांची कीव आली.

"थोडे दिवस चुकल्यासारखं वाटतं," भात वाढत ती म्हणाली. "मग होते सवय. मला नाही का झाली?"