पहिला घास मुलांचा

माझी लेक सोनेल एकवीस दिवस तापानं फणफणत होती, तेव्हा मी बोलले होते, देवा, पोर उठली की तुझ्या उपकाराची पंगत घालीन. पोर उठली, शेजारच्या बकरीमागं धावायलाही लागली. माझं मन भरून आलं होतं. आता नवस फेडायचा होता.

आमच्या पंथात या पंगतीला पहिला घास मुलांचा. मुलं जेवल्याशिवाय नवस पोचत नाही. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचं माझं काम बाजूला ठेवून मी दोन दिवस चुलीपाशी होते. चटईवर बारा थाळ्या मांडल्या: तुरीच्या दाण्यांचा कोंबडीभात, खोबऱ्याचा गोड पाव, अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत. आमची प्रार्थना चालवणाऱ्या मदर हिल्डांनी डोक्याला पांढरं फडकं बांधून घंटा वाजवली.

एकही मूल आत आलं नाही. कुंपणापलीकडून नुसती बघत उभी. आमच्या पंथावरची सरकारी बंदी उठून सात वर्षं झाली होती, पण आयांच्या मनातली उठली नव्हती. या घरचं खाल्लं की अंगात येतं, असं गावातल्या मोठ्या दगडी चर्चला जाणाऱ्या बायका सांगायच्या. माझं डोकं फिरलं. त्यांचे रविवारचे झगे कोण इस्त्री करतं?

"सोनेललाच बसवते," मी म्हणाले.

"जिच्यासाठी नवस, तिच्या एकटीच्या जेवण्यानं कसा फिटेल?" मदर हिल्डा म्हणाल्या. "थांब जरा."

"किती थांबू? भात गार झाला."

सोनेलनं माझा झगा ओढला. "आई, मी परत आजारी पडणार का?"

मी तिला जवळ ओढलं. तेवढ्यात फाटक वाजलं. ऑटलीबाई. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेल्या, दगडी चर्चात पहिल्या बाकावर बसणाऱ्या. घंटेची तक्रार असणार.

"बाई, करतो आम्ही घंटा बंद," मी म्हणाले.

"मी काही बोलले का?" बाईंनी बूट काढले, भिंतीला धरून चटईवर बसल्या. "वाढ."

"बाई, ही मुलांची पंगत आहे."

"मग मी काय आभाळातून पडले? मीही कुणाची तरी लेकच आहे." मग आवाज खाली आला. "माझी आई अशीच घंटा वाजवायची, अर्मीन. बंदी होती तेव्हा, रानात, चोरून. तिला पकडून नेलं, तेव्हा मी शाळेत सांगितलं, ही माझी आई नव्हे."

मी वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि कुंपणाकडं वळल्या.

"डेल्विन, तोंड उघडंच ठेवायचं तर त्यात भात तरी घाल. ये इकडं. आणि तुम्ही सगळे, हात धुऊन."

बाईंचा शब्द मोडायची गावात कुणाची टाप होती? बारा थाळ्यांवर सतरा मुलं जेवली. सोनेल सगळ्यांना सरबत वाढत फिरली. मी कोपऱ्यात उभी राहून रडले आणि देवाचे उपकार मानत राहिले.

बाईंना उठवायला चार मुलं लागली. फाटकाशी त्या थांबल्या.

"एक थाळी झाकून देशील? आईच्या कबरीवर नेते."

मी तेरावी थाळी भरली आणि कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्यात घातला.